पळसाचा काढा आणि माझं अर्धं वाक्य

घरातले मोठे माझं कधीच ऐकत नाहीत असं नाही. एकदा ऐकलं होतं.

माझ्या बहिणीच्या रक्षक पेशी तिच्याच किडनीवर हल्ला करतात. त्यांना आवरायला तिला रोज गोळ्या लागतात. फागुनात नागभीडचे मामा तिच्या काढ्यासाठी पळसाची फुलं घेऊन आले. मी कॉलेज सोडलेला, तरी बोललो, “मामा, पळसातलं फ्लेवोनॉइड नावाचं द्रव्य प्रयोगशाळेत काचेच्या बशीत या पेशीले शांत करते. पण माणसाचं अंग म्हणजे बशी नाई. गोळी सोडू नका.”

“काढ्यासोबत गोळी चालत नाई. पथ्य असते,” मामा म्हणाले आणि नंतर गुपचूप गोळ्या धानाच्या कोठीत टाकल्या. मला पत्ताच नाही.

दोन महिन्यांत तिचं तोंड सुजलं. डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या कोणी बंद केल्या?”

मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “यानंच सांगतलं, पळसानं पेशी शांत होते म्हणून. बीएस्सीले होता तो.”

जन्मभर मला नापास म्हणणारा माणूस माझ्या शिक्षणाची साक्ष काढत होता.

बहीण आता डायलिसिसवर आहे. घरात औषधपाण्याचं अजूनही मामांनाच विचारतात.