गंजलेली टाकी

हॅलो?… कोण, शकू?… अगं हळू बोल, काय कळत नाय… रडू नको. अनिलराव कुठे पडले?

टाकीत? कुठल्या टाकीत?… ती भंगारातनं आणलेली लोखंडी?… आज झाकण उघडलं आणि लगेच उतरले घासायला?… मग?… हाक मारली तर ओ देत नायत? किती वेळ झाला?… आत्ताच. बरं. बरं.

कोण उतरतंय? बारकू? नाय! शकू, तुझ्या दिराला धर! शर्ट धर, पाय धर, काय पण कर, आत जाऊ देऊ नको!… हो, नवरा तुझा आहे, मला माहीत नाय का?… अगं ऐक ना! तो उतरला तर तो पण तिथंच पडेल. मग दोन मढी काढशील.

त्याला फोन दे… दे म्हणते ना!… बारकू, मी चंद्रकलाताई. आतली हवा मेलेली आहे रे. उफणणीचा पंखा आण. झाकणाशी लावून जोरात फिरव, बाहेरची हवा आत जाऊ दे. आणि विहिरीतनं बादली काढायचा गळ टाक, त्यांच्या पट्ट्यात अडकव… वरनंच! डोकं आत घालू नको!… रड नंतर. पळ!

शकू?… आहेस ना? दिसतंय का ओट्यावरनं?… पंखा कोण फिरवतंय? सासूबाई? थांबू नका म्हणावं… वास नव्हता, धूर नव्हता, हो गो. वास कसा येणार? आतनं गंज चढलाय ना सगळीकडे? लोखंड गंजतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन. त्यालाच ऑक्सिडीकरण म्हणतात. वर्षभर झाकण बंद, सगळा ऑक्सिजन गंजानं खाल्ला. माणसाला काय उरलं?… विहिरीत उतरताना आधी कंदील सोडता ना? तो जळतो तो पण ऑक्सिजनवरच. इथं का नाय सोडला?… कोरडी म्हणून. हं.

लागला गळ?… निसटला? परत टाक म्हणावं, परत!… देवा रे…

लागला? ओढा! सगळ्यांनी ओढा!… आले वर? छाती हलते का?… जा, हात लावून बघ, फोन तसाच ठेव…

हॅलो… शकू?… हॅलो…

हां! काय?… खोकले? परत सांग… खोकले! अगं माझे आई… कुशीवर झोपवा. पाणी पाजू नका. मिळेल ती जीप करा आणि थेट शहापूरला या, मी दवाखान्याच्या दारात उभी राहते.

माझे उपकार? नको गो… काय पुटपुटतायत ते?… ताईंना विचारलेलं?…

हो. खरं आहे. मंगळवारी शाळेत आले होते. म्हणाले, टाकीत उतरायला काय भीती नाय ना? मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, पाणी नाय, शेण नाय, वास नाय, मग खुशाल उतरा…

ऑक्सिडीकरणाचेच पेपर होते गो, शकू. व्याख्येत एक शब्द राहिला म्हणून एकीचा अर्धा मार्क कापला मी.

शकू?… शिव्या घाल, पण बोल काहीतरी…

हॅलो?…