लामजना पाटीवरची बंद बस

— न्हाई न्हाई, पिच्चर चांगलाच लिहिलाय तुम्ही, मी कुठं वाईट म्हणाले? पण भाऊ, ह्यात माणूस कुठं हाय? आमचे हे सात वर्षांचे असताना आपली भाकर भिकाऱ्याला देऊन टाकली — कोण सांगितलं हे? म्हांतेशनं? त्यो काय बापाच्या बारशाला हजर होता व्हय? अहो, ह्यांच्या ताटातली भाकर कुणी उचलली असती तर सारं निलंगा डोक्यावर घेतलं असतं ह्यांनी! चहा घ्या, गार होऊन राहिला.

म्हातारीला पिच्चरमधलं काय कळतंय, असंच वाटलं ना? तंबूतल्या टाकीपासून — थेटर हो — बघते मी, आता नातीच्या मोबाईलवर बघते. तसले थोरामोठ्यांचे पिच्चर तर तमाम बघितले — सगळे एकच. हिरो पाळण्यातूनच शहाणा, कधी जेवत न्हाई, कधी शिंकत न्हाई, न बायकोला दोनच कामं — ताट वाढून वाट बघायची, न शेवटाला फोटोला हार घालायचा. मला तर झोप लागते. कॉमेडीचं तसं न्हाई. त्यातला माणूस घसरतो, खोटं बोलतो, सापडतो, परत खोटं बोलतो — आपल्या घरातलाच वाटतो का न्हाई? हसता काय, खरं सांगून राहिले.

आता तो तुमचा मोठा सीन — बसचा. लग्नाला वर्ष झालेलं, दोघं लातूरला निघाले, लामजना पाटीवर, फाट्याला, एसटी बंद पडली, चार तास उन्हात, लोक पाणी देऊन राहिले, पण लिंगपूजा झाल्याबिगर ह्यांनी थेंब घेतला न्हाई. लई मोठी गोष्ट हाय ती. मठात स्वामीजी सांगतेत, म्हांतेश लहानपणापासून ऐकतो, न आता पुण्यस्मरणाला मंगल कार्यालयात पडदा लावून सगळ्या भावकीला दाखवणार. पण ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली कोण? मी. कुणाला? सासूला. कामून? — दार जरा लोटून घ्या बरं.

बस बंद पडलीच न्हाई, भाऊ. उशीर झाला तिला, इतकंच. ह्यांचा बेत काय — पहाटे आंघोळ करून निघायचं, लातूरला मावशीच्या घरी पूजा करायची, चार घास खायचे, मग बाराचा खेळ. बस पोचली तीच बाराला! मी म्हणाले, आधी पूजा करा. तर म्हणतेत, नागम्मा, पिच्चरची सुरुवात शिवाला ठाऊक हाय, मला न्हाई. गेलो की आत. कॉमेडी होती. उपाशी पोटी हसून राहिले माणूस — पोट धरून, डोळ्यांतून पाणी, पुढच्या खुर्चीवर थापा मारून राहिले, पुढचा माणूस दोनदा मागं वळून बघितला. न मध्यंतराला दिवे लागले तसं एकदम गप. गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, मला पाणी आणाया पाठवलं, विभूती खिशातच होती. फूल कुठलं? माझ्या डोक्यातलं! डोक्यातलं फूल देवाला चालत न्हाई, ठाऊक हाय मला, पण चालवून घेतलं शिवानं त्या दिवशी. पाण्याचा थेंब मात्र पूजेनंतरच घेतला बरं का — तेवढं तुमचं लिहिलेलं खरं हाय.

मग मावशीकडं पूजेला का पोचला न्हाई म्हणून सासू विचारली, तर काय सांगायचं? टाकीत पूजा केली म्हणून? सासू तिथंच आडवी झाली असती. मी म्हणाले, बस बंद पडली. हे माझ्या तोंडाकडं बघतच राहिले. अन् बघता बघता माझी थाप मठात जाऊन बसली, आता पडद्यावर येऊन राहिली.

पण तसं हसणं मी पुन्हा बघितलंच न्हाई हो. घरात सासऱ्यापुढं हसायची चाल नव्हती, न भुसाराच्या दुकानात म्हणायचे, हसऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. एक फोटो न्हाई हसरा. सगळ्या फोटोंत बघा, कुणी रागं भरल्यासारखे बसलेत. पाच वर्षं झाली जाऊन, लई आठवण येते मला. आजकाल तर ते हसणं आठवाया बसलं की खुर्चीवरच्या थापाच ऐकू येतेत, ह्यांचा आवाज येतच न्हाई. तुमच्या एका तासाच्या पिच्चरमधी एकदाही हसले न्हाईत हे. मग मी त्या पडद्यावर कुणाला बघू?

खरं दाखवू नका. म्हांतेशला सहन व्हायचं न्हाई, बाप म्हणजे देव त्याला. बस बंदच पडू द्या, लामजना पाटीवरच. ऊन राहू द्या, उपास राहू द्या. फक्त त्या उन्हात ह्यांना हसवा. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. का हसले, कुणी विचारलं तर म्हणा, बायकोला ठाऊक —

— आलास म्हांतेश बाळा? व्हय, बसचंच सांगून राहिले भाऊंना. चार तास, बघ. थेंब न्हाई घेतला तुझ्या अप्पानं. — उठा भाऊ तुम्ही, सगळं सांगून झालं माझं.