तीन नंबरची सीट

मंडळी, आज एक साधा प्रश्न विचारतो. माणूस नवी वस्तू कशासाठी घेतो? जुनी बिघडली म्हणून? खरं सांगा हं! मृदंगाशेजारचे काका मान हलवतायत — आणि खिशात यांच्या कालच घेतलेला मोबाईल! जुनं धडधाकट चालू असतं, तरी मन म्हणतं, हे जुनं झालं. मग जुनं नेमकं काय होतं?

ऐका.

इचलकरंजीत धनपाल मगदूम नावाचे कापडाचे व्यापारी. वय साठीच्या पुढं. नाद एकच — गाडी! कसली? ऐटदार, बसकी, परदेशी! साडेतीनशे घोड्यांची ताकद म्हणे. आणि पळायची कुठं? आपल्याच रस्त्यावर! पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं म्हशी. साडेतीनशे घोडे मुकाट उभे!

गाडीला अकरा महिने झाले, आणि कंपनीनं पुढच्या सालचं मॉडेल काढलं. धनपालांनी ते मोबाईलवर बघितलं — जेवण गोड लागेना! काय बदललं होतं? पुढची जाळी चार बोटं रुंद. दिवे बारीक — सासू सुनेकडं बघते तसे! घोडे तीस जास्त. आणि सीट? सीट बसल्या बसल्या पाठ चेपून देते!

"राजमती, आपली गाडी जुनी झाली गं."

"अहो, गेल्या दसऱ्याला तर आणली!" बायको म्हणाली.

"जाळी बघ की. कशी अरुंद दिसते!"

राजमतीबाई गवारी निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी धनपाल कोल्हापूरच्या शोरूममध्ये. सोबत वीस वर्षं गाडीवर असलेले ड्रायव्हर, इलाहीभाई. धनपाल नव्या गाडीत बसले, सीटनं पाठ चेपली, यांचे डोळे मिटले — "जुनी देतो, हीच घेतो!"

शोरूममधली मृण्मयी नावाची मुलगी जुनी गाडी तपासायला गेली. परत आली ती विचारातच.

"सर, या गाडीत बटण दाबलं की सीट आपल्या मापाला सरकते, आणि अशा तीन जागा ठरवून ठेवल्यात. एक नंबर तुमची, दोन नंबर ड्रायव्हरकाकांची. तीन नंबर कुणाची?"

"तिसरी? चालवतो आम्ही दोघंच!"

"तिसरं माणूस बुटकं आहे, सर. सीट एकदम पुढं, एकदम वर. आणि गाडीतल्या नकाशात दिसतंय, दर गुरुवारी दुपारी गाडी कुरुंदवाडला जाते. एकाच घरी."

कुरुंदवाड! धनपालांचा चेहराच उतरला. का? तिथं त्यांची थोरली बहीण, त्रिशलाआक्का. आईमागं हिनंच यांना वाढवलं. पण तीन गाड्यांमागं — यांच्या घरी वर्षं गाड्यांवर मोजतात! — वास्तुशांतीला आक्का चारचौघांत बोलून गेली, "धन्या, खोल्या बारा बांधल्यास, पण माझं ऐकायला तुला एक मिनिट नाही." झालं! बोलणं बंद. सात वर्षं!

"इलाही! कोण नेतं गाडी?"

इलाहीभाईंनी टोपी काढली. "वहिनीसाहेब, मालक."

"राजमती? तिला सायकल येत नाही!"

"सायकल नाही येत. गाडी येते. मीच शिकवली. लायसनही काढलंय. गुरुवारी तुम्ही जेवून झोपता ना... आक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मालक. तुम्हाला कळलं तर जाऊ देणार नाही, असं वहिनीसाहेब म्हणाल्या."

बघा मंडळी! घरधनी घोरतायत, आणि बाई सुसाट! माई, तुम्ही हसा, पण यजमानांना खुणावू नका!

धनपाल तावातावानं आपल्या गाडीत बसले आणि दाबलं तीन नंबरचं बटण. सीट निघाली — पुढं! वर! पोट स्टिअरिंगला, डोकं छताला, माणूस पाचरीसारखा अडकला!

"सर, सोडवू का?"

"थांब जरा."

तसेच बसून राहिले. चाळीस वर्षांचा संसार! आपली बायको एवढी पुढं सरकते तेव्हा कुठं तिचे पाय पोचतात, हे आज कळलं. आक्काचा गुडघा या माणसाला ठाऊक नाही, आणि नव्या गाडीची जाळी किती बोटं, ते पाठ!

"गाडी द्यायची नाही," एवढंच म्हणाले.

घरी आले. इलाहीभाईंचं तोंड बघूनच राजमतीबाई समजल्या. "अहो, रागावलात?"

धनपालांनी किल्ली पुढं केली. "चल. तू चालव."

निघाले! यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर!

"अगं हळू! अगं म्हैस!"

"दिसली मला. गप्प बसा."

कुरुंदवाडला आक्का काठी टेकत दारात आली. गाडीतून कोण उतरलं? बघतच राहिली. धनपाल वाकले, दोन्ही हात तिच्या पायांवर. वर उठवेचना त्यांना.

आक्का डोळे पुसत भावजयीला म्हणाली, "राजमती, याला पुढं कशाला बसवलंस? वाटभर डोकं खाल्लं असेल तुझं!"

मंडळी, गाडी जुनी झालीच नव्हती. माणसांकडं बघणं सुटलं होतं. आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरचं माणूस दुपारी कुठं जातं? तुम्ही तोडलेलं कुठलं नातं तुमच्या मागं सांभाळतंय? घरी जाऊन विचारा. पण पोलिसासारखं नको!

आणि ज्यांनी वर्षानुवर्षं बहिणीला फोन केला नाही — पुरुषांच्या रांगेतच बघतोय मी! — त्यांनी आत्ता मंडपाबाहेर जाऊन करावा. लाजू नका. आम्ही तोवर विठ्ठलाच्या नावाचा गजर धरतो, कुणाला काही ऐकू येणार नाही... उठले! मागचे दोघं उठले! अहो, वाट द्या त्यांना! वाजवा टाळ!