टाकी कुणाला, मासे कुणाला

बहीण : दादा, त्या चष्म्याच्या काड्या ठेव बाजूला आणि इकडे बघ. ग्रुपवरचा फायटरकाकांचा सकाळचा मेसेज तू उडवलास?

अ‍ॅडमिन : उडवला. नियम चौथा. ग्रुप मासे पाळणाऱ्यांचा आहे. घरची रडगाणी इथे नकोत.

बहीण : काय लिहिलं होतं त्यांनी?

अ‍ॅडमिन : हेच आपलं, झोप लागत नाही, कशातच राम उरला नाही, एकदाचं सगळं आटपून टाकावंसं वाटतं. अगं, शाळेतली पोरं आहेत ग्रुपवर!

बहीण : आणि त्याच्या खालचा मेसेज मात्र ठेवलास.

अ‍ॅडमिन : तो नियमात बसतो. ‘टाकी, फिल्टर, सगळे मासे फुकट देतोय, आजच घेऊन जा.’ दिलदार माणूस! मी तो लगेच पिन केला.

बहीण : आता खालचं वाचते, ऐक. ‘काळी जोडी माझी.’ ‘फिल्टर आवाज करतो का?’ ‘काका, घरपोच द्याल का?’ आणि हे तुझं, ‘रांगेत या, हावरटपणा करू नये.’

अ‍ॅडमिन : मग? जुंपली असती सगळ्यांची.

बहीण : ज्या माणसाने त्या लाल फायटर माशाच्या टाकीला कधी कुणाला बोट लावू दिलं नाही, तो आज सगळं वाटून मोकळा होतोय. तुला काहीच खटकलं नाही?

अ‍ॅडमिन : खटकलं ना. लाल फायटर मागावा की नाही, यावर तासभर अडलो होतो.

बहीण : मागितलास?

अ‍ॅडमिन : ...खासगीत. ‘तुमच्यासाठीच ठेवलाय’ म्हणाले.

बहीण : फोन लाव त्यांना.

अ‍ॅडमिन : मी काय डॉक्टर आहे? चष्मे विकतो मी. भलतं काही बोलून बसलो तर त्यांच्या डोक्यात नको ते यायचं.

बहीण : ते आधीच आलंय. त्यांनी लिहिलं आणि तू पुसलंस. विचारल्याने कुणी मरत नाही, दादा. न विचारण्याचीच मला भीती वाटतेय. लाव. स्पीकरवर.

(फोन बराच वेळ वाजत राहतो.)

फायटरकाका : बोला, अ‍ॅडमिनसाहेब. तुमचा लाल वेगळ्या बरणीत काढून ठेवलाय. कधी येताय न्यायला?

अ‍ॅडमिन : मासा राहू द्या हो. ते आपलं... पाण्याचं तापमान... म्हणजे, तुमचं कसं चाललंय?

फायटरकाका : नियम चौथा, साहेब.

अ‍ॅडमिन : खड्ड्यात गेला चौथा नियम! काका, सरळच विचारतो. जीव द्यायचा विचार करताय का?

(पलीकडून बरणी टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो.)

अ‍ॅडमिन : काका? आहात ना?

फायटरकाका : आहे. सकाळपासून फोन थांबत नाहीये. सगळ्यांनी पत्ता विचारला, पार्किंग कुठे आहे तेही विचारलं. हे तेवढं कुणी विचारलं नाही.

अ‍ॅडमिन : मी विचारतोय.

फायटरकाका : हो. करतोय.

बहीण : काका, मी यांची बहीण. आम्ही दुकानाचं शटर ओढून निघतोच आहोत. तोवर एकटे बसू नका. शेजारचं दार वाजवा. मग आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. मी आत तुमच्याबरोबर येते.

फायटरकाका : शेजारचा टाकी न्यायला येणारच आहे.

बहीण : येऊ दे. बसवून ठेवा त्याला. टाकी देऊ नका.

अ‍ॅडमिन : आणि फोन चालूच ठेवा. येताना काय आणू, काका?

फायटरकाका : माशांचं खाणं संपलंय. नवीन आणलं नाही. म्हटलं, आता कशाला.

अ‍ॅडमिन : मोठा डबा आणतो.

फायटरकाका : छोटा आणा. मोठा उघडला की सादळतो. तुम्हीच तर सांगत असता ग्रुपवर.

अ‍ॅडमिन : बरं, छोटा. संपला की दुसरा आणतो.