तीस झाले, व्हय म्हाराजा!

नाही, मी काय म्हणतो, त्या डमीला मरायला काय जातं हो? कमरेपासून वरचा रबराचा बाबा, ना बायको ना पोरं, खांद्यावर एक दिवा... हिरवा लागला तर जगला, लाल लागला तर मेला! तुम्हाला सांगतो, तीन महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये तो माझ्या हातात अकरा वेळा मेला. अकरा! अ‍ॅम्ब्युलन्सवर शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा आई अख्ख्या देवबागात सांगून आली, "आमचो लवू आता माणसां वाचवतलो!" आणि लवू इथे रबर मारतोय! वर आमचे शिकवणारे गुरुदास सर, चष्म्यावरून बघत एकच प्रश्न, "लवू, पहिलं काय बघायचं?" "पेशंट, सर." "चूक! पहिलं काय बघायचं? जागा सुरक्षित आहे का!" जेवताना विचारायचे हो, घास तोंडात असताना. एकदा माझ्या ताटात बांगडा होता, मी त्याच्याकडे बघून म्हणालो, "सर, जागा सुरक्षित आहे." तर म्हणतात, "काट्यांचं काय?"

तर डिसेंबरातली गोष्ट. सरांच्या डोक्यात आलं, गावकऱ्यांना छाती दाबायचं प्रात्यक्षिक दाखवायचं. कुठे? देवबागच्या किनाऱ्यावर! माझ्याच गावात! मी आणि ड्रायव्हर जितेंद्र डमी, मास्क आणि श्वास द्यायची पिशवी घेऊन सकाळी नऊला हजर, आणि सर? सर तारकर्लीच्या रस्त्यात, पर्यटकांच्या गाड्यांत अडकलेले. रस्ता एक, गाड्या दोनशे. फोनवर ओरडतात, "लवू, तू सुरुवात कर!" मी? अकरा खून केलेला माणूस?

समोर रापण ओढणं चाललेलं. अर्धा गाव दोरीला, जाळं समुद्रात, दोन्ही टोकांकडून खेच चाललेली, आणि त्यातनं वेळ काढून चाळीसेक माणसं माझ्याभोवती येऊन बसली. मी तोंड उघडतो, "तर मंडळी, समजा एखादा माणूस अचानक पडला..." आणि अहो, धप्प! दोरीवरचे गंगाराम काका पडले!

आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! तुम्हाला सांगतो, चक्क टाळ्या वाजवल्या! "अरे, काय अ‍ॅक्टिंग करता रे म्हातारो!" शेजारच्या होमस्टेवाल्या केयूरने मोबाईल काढला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, मीसुद्धा क्षणभर म्हटलं, सरांनी सांगितलं असेल यांना. मग लक्ष्मी काकू, काकांची बायको, टोपली टाकून धावली. तिच्या धावण्याकडे बघितलं आणि कळलं. ही बाई नाटकात धावत नव्हती.

धावलो! पाय वाळूत रुततायत, आणि डोक्यात काय? पहिलं काय बघायचं... पहिलं काय बघायचं... आणि बघितलं, म्हणून वाचलो! ताणलेली दोरी काकांच्या पोटऱ्यांवरून गेलेली, खाली ओली वाळू, लाट येऊन कमरेला लागत होती, आणि बाकीचे अजून ओढतायत! "दोरी सोडा!" "अरे, रापण भरलेली आसा!" "सोडा म्हणतंय!" सहा जणांनी काकांना उचलून वर आणलं, होडीची फळी ओढली, तिच्यावर उताणे ठेवले. भाई, आमचे गावातले देवाला गाऱ्हाणं घालणारे, त्यांनी दोरीवाल्यांना हात केला. सुटली दोरी. गेले बांगडे समुद्रात!

"काका! काका!" खांदे हलवले. काही नाही. छाती बघितली. तर दोरीवरचा बाबू ओरडतो, "श्वास घेता मरे!" घेत होते का? तोंड उघडत होतं, मिटत होतं, मध्ये बराच वेळ काहीच नाही... पाण्याबाहेर काढलेला मासा करतो तसं. सरांनी शंभर वेळा सांगितलेलं, हा श्वास नव्हे रे, हा श्वास नव्हे! "जितेंद्र, गाडीतलं शॉकचं मशीन आण! केयूर, मोबाईल आता फोन कराया वापर, एकशे आठला लाव, मोठी गाडी मागव!" आणि गुडघ्यांवर बसलो. माझ्या हातांखाली रबर नव्हतं हो. ह्याच माणसाने मला पोहायला शिकवलं होतं.

एक, दोन, तीन, चार... जोरात, भराभर, छाती पुरती वर येऊ द्यायची, तीस झाले की मास्क लावून दोन श्वास. सोपं आहे ना? वर्गात सोपं आहे! इथे माझा फोन वाळूत, स्पीकरवर, सर विचारतात, "लवू, जागा सुरक्षित आहे का?" "हो, सर! नऊ, दहा..." आणि एवढ्यात भाईंनी हात जोडले. "बा देवा म्हाराजाऽ, तुझो गंगाराम आज वाळयेत पडलो आसाऽ..." आणि अख्खा किनारा, "व्हय म्हाराजाऽ!" "तेच्यार जी काय इडापिडा आसात..." "व्हय म्हाराजाऽ!" आता मी सतरावर होतो की सव्वीसवर? सांगा तुम्ही! सतरा, अठरा... व्हय म्हाराजा... अठरा...

तेवढ्यात कोपराशी कुणीतरी. रुक्मिणी आजी! हातात तांब्या, तांब्यात तुळस. "रे, बाजूक सर. तोंडात पाणी घालतंय." "आजी, नको! पाणी छातीत जाईल!" "मरणाऱ्या माणसाक तू पाणी पाजूक देणस नाय?" "आजी, ते मरत नाहीत!" "तुका काय म्हायत?" खरंच, मला काय माहीत? बारावा असता तो! हात सुटत नव्हते, आजी हलत नव्हती, मी चिडून ओरडलो, "घालूचाच आसा तर त्येका घाल!" आणि मानेने डमी दाखवला. आजी गेली. बसली. डमीचं तोंड उघडून पाणी घातल्यान, वर तुळस घातल्यान, आणि पदर डोळ्यांना लावून रडाया लागली! रबरासाठी!

आणि मग, तुम्हाला सांगतो, मला सुचलं म्हणू की जीव घाबरून तोंडातनं निघालं म्हणू, मी भाईंवर ओरडलो. गावात भाईंवर कुणी ओरडत नाही. "भाई, गाऱ्हाणा घालूचा तर आकड्यांत घाला! माझ्या हातावर बघा, आणि तीस झाले काय सांगा!" भाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा देवळाकडे. "बा देवा म्हाराजा... एक! दोन! तीन! चार!..." खणखणीत आवाज, एका लयीत, इकडेतिकडे नाही, आणि "तीस झालेऽ!" "व्हय म्हाराजाऽ!" त्या व्हय म्हाराजात मी दोन श्वास दिले. छाती वर आली. परत "एक! दोन!..." फोनवर सर, "लवू, वेग अगदी बरोबर आहे! कोण मोजतंय?" "सर, भाई! देवाला सांगतायत!" सर म्हणाले, "थांबू नका म्हणावं."

माझे हात भरून आले. दोरीवर माणूस दमला की दुसरा पकडतो ना, तसा बाबू न सांगता समोर येऊन बसला. हात कुठे, कोपर कसं, दाखवलं, आणि तो दाबाया लागला. जितेंद्र मशीन घेऊन आला. छाती ओली! बाबूच्या पंच्याने पुसली, पट्ट्या चिकटवल्या, आणि मशीनमधली ती बाई शांतपणे, जशी काही चहा विचारतेय, इंग्लिशमध्ये म्हणाली, शॉक द्या, कुणी हात लावू नका. सगळे बाजूला सरले. एक नाही. लक्ष्मी काकू काकांचे पाय धरून बसलेली.

"काकू, सोड!"

"चाळीस वर्सां सोडूक नाय, आता सोडू?"

पुस्तकात नव्हतं हो हे! मशीन पीं पीं करतंय, आणि मी ओरडलो. "काकू, सोडशीत तर परत येतलो गो!"

सोडले तिने. बोट बोट करून सोडले. मी बटण दाबलं. काका उडाले, आणि पुन्हा "एक! दोन!..." किती वेळा व्हय म्हाराजा झालं मला आठवत नाही. कधीतरी काकांनी हात हलवून बाबूचं मनगट धरलं. डोळे उघडले. आणि पहिला शब्द काय? बायकोचं नाव? देवाचं? "रापण... इली?"

मी रडलो. लाज कसली, चाळीस माणसांसमोर रडलो.

पण मला श्रेय मिळालं असं समजू नका! ऑपरेशन होऊन काका घरी आले, तेव्हापासून बाजारात सांगत फिरतात, "हार्ट बरा आसा, पण ह्या लवूने दोन बरगडे मोडल्यान, आणि एक टोपली बांगडे समुद्रात सोडल्यान!" आणि पुढच्याच आठवड्यात परीक्षा. सावंतवाडीला, बाहेरचे परीक्षक, तोच डमी. म्हटलं, आता काय भ्यायचंय! जागा सुरक्षित म्हणालो, मनात भाईंचा आवाज लावला, तीस एकदम फक्कड, मास्क लावला, पिशवी दाबली... छाती वर येईना. परत दाबली. येईना! दिवा लाल. परीक्षकांनी डमीचं तोंड उघडलं, चिमटा घातला आणि बाहेर काढली... वाळलेली तुळस. "श्वास देण्याआधी तोंडात काय आहे ते बघायचं नसतं का?" नापास! बारावा!

तर आज फेरपरीक्षा. पुढचा नंबर माझा. काका म्हणाले, "तू भियां नको, मी येतंय व्हय म्हाराजा म्हणूक," आणि आलेत, बाहेर गाडीत पुढच्या सीटवर बसलेत, बरगड्यांवर हात ठेवून. सर म्हणाले, येऊ दे, फक्त एक कर लवू, आत जायच्या आधी पहिलं काय बघायचं ते बघ. म्हणून खिडकीतनं बघितलं हो मी आत्ता... मागच्या सीटवर रुक्मिणी आजी. तांब्या घेऊन.