कातिंकाचं बोट

स्मारांडा : तो डबा परत ने, आई. गोड नको म्हटलं ना!

कातिंका : अगं, अक्रोडाचा पाव आहे, पहाटे उठून भाजलाय. लेकीच्या बाळंतपणाला रिकाम्या हाताने येऊ? थू थू थू, पावणेपाच किलोचा नातू! आख्ख्या गल्लीला सांगून आले. शेजारची आग्लाया, गावभर बातम्या पोचवणारी, ती तर माझ्यासोबतच आलीय, बाहेर बाकावर बसलीय.

स्मारांडा : कशाला सांगत सुटलीस? माझ्या साखरेनं फुगलाय तो. बाहेर येताना खांदा अडकला. आता काचेच्या पेटीत पडलाय, एवढ्याशा हाताला साखरेच्या पाण्याची सुई. मला तोंड दाखवायची लाज वाटते.

सिस्टर : आता पुन्हा टाचेला टोचून बघू. साखर टिकली तर तुमच्याजवळ देते. घसरली तर याश शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल.

कातिंका : साखरेनं बिघडलं म्हणता आणि त्याला साखरच लावता, सिस्टर?

सिस्टर : पोटात आईची भरपूर साखर मिळत होती, आजी. ती जिरवायची सवय लागली त्याच्या अंगाला. नाळ कापली तशी साखर थांबली, अंग मात्र जिरवतंच आहे. बरं स्मारांडा, डॉक्टरीणबाई विचारत होत्या, शेवटी शेवटी तुम्ही साखर बघणं का सोडलंत?

स्मारांडा : मशीन बिघडलं होतं.

सिस्टर : तुम्ही सोबत आणलेलं मशीन मगाशीच तपासलं मी. अगदी चोख आहे.

स्मारांडा : नाही हो! आता कसली लाज ठेवू... माझी साखर वर जायची. बाईंची बोलणी नकोत म्हणून आईचं बोट टोचलं. ती नको नको म्हणत होती. म्हटलं, धडधाकट बाई आहे, तिचा आकडा माझा म्हणून सांगावा. तर आले दोनशे ऐंशी! माझ्याहून जास्त! आई म्हणाली, फेक ते डबडं. मग ठेवलं कपाटात, आणि बाईंना म्हणाले, सगळं ठीक आहे.

सिस्टर : आणि खाणं?

स्मारांडा : आई गावच्या लग्नांचे पाव भाजते. पोटुशीला वास आला की तिला घास द्यायचाच, नाहीतर पोराच्या अंगावर डाग उठतो म्हणतात. आमच्या घरात रोजच वास.

सिस्टर : अहो, काय म्हणू तुम्हाला! थांबा, बाळाकडे जाऊन येते.

(सिस्टर जाते.)

स्मारांडा : बोल की. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा.

कातिंका : मशीन बरोबर होतं.

स्मारांडा : काय?

कातिंका : गोळ्या आहेत माझ्या. मेरीमातेच्या तसबिरीमागे. तुझे वडील गेले, तेव्हापासून.

स्मारांडा : आणि तू मला म्हणालीस, फेक!

कातिंका : लग्नाचा पाव माझ्या हातचा, मयताला वाटायचा शिजवलेला गोड गहू माझ्या हातचा. साखर झालेल्या बाईकडून कोण घेईल गं? म्हणतील, चाखून चाखूनच लागली हिला. मला वाटलं, तू तरुण आहेस, निभावून जाईल.

स्मारांडा : बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात कुणाला साखर आहे का. मी छाती ठोकून नाही म्हणाले, आई!

कातिंका : मार मला. खरंच, दोन थोबाडीत मार.

स्मारांडा : कुठल्या तोंडानं मारू? तुझं रक्त माझं म्हणून खपवायला मीच निघाले होते ना.

कातिंका : त्याला याशला नेलं, तर मी घरी कशी जाऊ गं?

(सिस्टर परत येते.)

सिस्टर : स्मारांडा, उठून बसा. टिकलीय साखर. काठावर आहे, अजून बघत राहावं लागेल, पण याशला न्यायची गरज नाही आता. आणतेय त्याला, लगेच पाजायला घ्या.

स्मारांडा : देवा! आण गं बाई, आण लवकर.

कातिंका : सिस्टर, त्याला आईजवळ दिलंत की माझंही बोट टोचा.

सिस्टर : टोचते की. दार लोटून घेते, बाहेर कुणीतरी बाई बसलीय.

कातिंका : आग्लाया आहे ती. दार उघडंच राहू द्या.