दक्षिणेकडचा घाट

आजच्या सभेच्या अध्यक्ष प्रियदर्शिनीताई, मंचावर बसलेले कृष्णाकाठ मंडळाचे सगळे पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण सानपाड्याच्या या सभागृहात जमलो ते आपले मानसिंगराव सर, त्यांच्या शेजारी बसून मघापासून त्यांचा फेटा सरळ करणाऱ्या वहिनी, आणि खाली बसलेल्या साताऱ्याकडच्या, कऱ्हाडकडच्या माझ्या लेकी-सुना, भाऊ आणि पोरंबाळं, सगळ्यांना रखमाचा जय भीम आणि नमस्कार. दोन्ही घ्या. ज्याला जे लागेल ते ठेवा.

भाषण माझं आहे, अक्षर नातीचं आहे. पायल कागद घेऊन शेजारी उभी आहे, कारण मी बोलता बोलता भरकटले तर पदर ओढायला कोणीतरी पाहिजे. तिनं सुरुवातीला सरांसाठी 'ज्ञानतपस्वी' असा शब्द घातला होता. मी म्हटलं, काढ तो. साधा माणूस आहे, जाता जाता त्याला कशाला घाबरवतेस?

मानसिंगराव आणि मी एकाच गावचे. देवरूळचे. ते गावातले, मी वस्तीतली. त्यांनी इथं कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला आणि आपल्या कृष्णाबाईवर चार जाडजूड पुस्तकं लिहिली. डोंगरातून निघून दक्षिणेला वळणारी नदी, तिच्या काठची देवळं, घाट, नावाडी, पूर, जत्रा, सगळं त्यात आहे. आता ते गावी राहायला निघालेत. शहरात लोक पैसे साठवतात, यांनी नदी साठवली आणि ती घेऊन परत चालले.

ही चारही पुस्तकं मी वाचली. म्हणजे पायलनं वाचली, मी ऐकली. ऐकणाऱ्याला पान गाळता येत नाही, म्हणून इथल्या पुष्कळ वाचणाऱ्यांपेक्षा माझं वाचन पक्कं आहे. हसू नका बाजीराव, मंडळाच्या कपाटातला तुमचा संच अजून कागदात गुंडाळलेला आहे, मी बघून आले.

त्यात कृष्णाकाठच्या वांग्यांवर पानंच्या पानं आहेत. वांगं काटेरी किती, गोड किती, भरावं कसं, भाजावं कसं. मला फार आवडलं. वांग्याला एवढी जागा मिळाली म्हटल्यावर मीही सावरून बसले, आता आपली पाळी येईल म्हणून.

आली. दुसऱ्या पुस्तकात देवरूळच्या घाटांचं प्रकरण आहे. मोठ्या घाटाचं वर्णन असं केलंय की पायऱ्या डोळ्यांपुढं उभ्या राहतात. त्याच्याखाली एक ओळ. पायलनं वाचली, 'दक्षिणेकडचा घाट: गावातील काही कुटुंबे याचा वापर करीत.'

मी म्हटलं, "परत वाच."

तिनं वाचली.

"हा कुठला गं घाट?"

"आजी, तुमचाच की."

"आमच्या घाटाला असलं इस्त्री केलेलं नाव कुणी ठेवलं?"

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा पाणवठा गावाच्या खालच्या अंगाला होता. गावानं पाणी भरून, धुणं धुऊन, गुरं धुऊन झालं की तेच पाणी वाहत आमच्याकडं यायचं. गाव त्या जागेला आमच्या जातीचं जुनं नाव लावून पुढं 'घाट' म्हणायचा. हाक मारायची तरी तेच, शिवी द्यायची तरी तेच. आणि घाट म्हणजे काय? पायरी एक नाही. नुसती चिकणमातीची घसरंडी आणि खाली एक काळा खडक.

पण सगळं रडगाणं नव्हतं हां. पहिला पूर आला की वरच्या घाटावर सुवासिनी नदीची ओटी भरायच्या. खण, नारळ पाण्यात सोडायच्या. आम्ही पोरं खाली टपून बसायचो. नारळ वाहत यायचे आणि आम्ही धरायचो. त्यांनी नदीला वाहिलं, नदीनं आम्हाला दिलं. ह्या धर्मकार्यावर मात्र सरांच्या पुस्तकात एक अक्षर नाही.

माझी थोरली बहीण रंगू त्याच घसरंडीवरून गेली. आखाड होता, पाणी चढलेलं. आई बाळंतीण, म्हणून घागर तिनं उचलली. मी मागं होते, माझ्या हातात कळशी. तिचा पाय सरकला. तिनं घागर सोडली असती तर हात मोकळे झाले असते. पण घागर नवी होती, आणि आईला ती जपायची होती. ती गेली आणि घागरही गेली. वरच्या घाटावर माणसं होती. ती माणसं ओरडली. धावत खाली मात्र कुणी आलं नाही, कारण खाली यायचा रिवाज नव्हता.

रंगूचा फोटो नाही. शाळेत तिचं नाव नव्हतं, कारण शाळाच नव्हती. ती होती याची एकच खूण होती, तो खडक. आता बंधारा झाला. मोठा घाट अर्धा वर आहे, आमची जागा पूर्ण पाण्याखाली आहे. म्हणजे ती जागा आता राहिली तर सरांच्या पुस्तकातच राहणार. आणि पुस्तकात ती सापडेना.

पायलनं सरांना फोन करून सांगितलं. आणि हा माणूस, ऐका हं, दुसऱ्याच दिवशी वहिनींना घेऊन कामोठ्याला आमच्या घरी आला. दारातूनच म्हणाले, "रखमाआत्या, येऊ का?"

आत्या! त्यांचे आजोबा आमच्या आईला 'ए' म्हणायचे. लहानपणी मला वाटायचं, आईचं नावच 'ए' आहे. त्या घरचा नातू मला आत्या म्हणतो, तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं, दुसरं कोण उभं आहे का.

चहा झाला. सर म्हणाले, "आत्या, लिहिताना हात अडला. ते नाव आमच्याच माणसांनी ठेवलेलं. मी परत छापलं, तर मीच परत शिवी दिल्यासारखं होईल."

मी म्हटलं, "मनानं चांगलं केलंत. पण नाव झाकताना माणसंही झाकली गेली, त्याचं काय?"

तेवढ्यात माझा नातू अभय बोलला. तो तिसऱ्या रांगेत बसलाय, निळा शर्ट. तो म्हणाला, "सर, अजिबात नको. आहे ते बरंय. माझी अस्मिता सातवीत आहे. उद्या तिच्या वर्गात कोणी हे पुस्तक उघडलं आणि तिच्याकडं बघून हसलं, तर मी काय करू?"

पायल म्हणाली, "दादा, मग पुढच्या लोकांना वाटेल एकच घाट होता. सगळे हसत खेळत पाणी भरत होते. फुल एकोपा!"

"वाटू दे ना. चांगलंच आहे."

"खोटं आहे."

"तुझं काय जातं बोलायला? तुला कोणी हसलं नाही अजून."

"हसलं नाही? तू घरी विचारलंस कधी?"

वहिनींनी बिस्किटाची बशी उगाच इकडून तिकडं सरकवली. मग सर म्हणाले, "दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जाते. आत्या, तुम्ही सांगाल ते छापीन. काढा म्हणाल तर ओळच काढतो."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, सभेत सांगते. भाषणात काहीतरी माल पाहिजे की! पण खरं सांगते तुम्हाला, तेव्हा मलाच कळत नव्हतं. अभयचं खोटं आहे का? नाही. पणतीच्या वाट्याला ते नाव यावं असं कोणत्या पणजीला वाटेल? पायलचं खोटं आहे का? तेही नाही. ते नाव पुसलं तर पुसणाऱ्याचे हात स्वच्छ होतात. रंगूचं काय होतं?

मग परवा, भाजी निवडताना, पायलनं सहज विचारलं, "आजी, तुम्ही बायका आपापसात त्या जागेला काय म्हणायचात?"

मला हसूच आलं. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. गावातली बाई घागर घेऊन निघाली की म्हणायची, घाटावर चालले. आणि आमची बाई म्हणायची, नदीवर चालले. बस. घाट बांधावा लागतो. आमच्यासाठी कोणी काही बांधलं नव्हतं, म्हणून आमच्याकडं नुसती नदीच होती.

तर सर, आता सांगते. पायल, नीट धर कागद. माझी तीन वाक्यं आहेत. एक: 'या जागेला गाव महारघाट म्हणत असे.' बोलले बघा. मंडळी, चुळबुळ करू नका, मलाही सोपं गेलं नाही. पण 'गाव म्हणत असे' हे शब्द त्यात पाहिजेतच, ते गाळून चालणार नाही. नाव ज्यांनी ठेवलं, त्यांच्या नावावर राहू दे. अभय, बाळा, ते आपलं नाही. अस्मिताला कोणी हसलं तर तिनं त्यांना सांगायचं, हे तुमच्याबद्दल लिहिलंय, नीट वाचा.

दोन: 'तिथल्या बायका त्या जागेला नदी म्हणायच्या.'

आणि तीन: 'पायऱ्या नसल्यामुळे इथे रंगू नावाची मुलगी पाणी आणताना वाहून गेली.'

इतिहासात एवढं बसत असेल तर बसवा. वांग्यांचं एखादं पान कमी झालं तरी चालेल.

छापाल का, सर?

त्यांच्यापुढं माईक नाही, म्हणून मी सांगते. ते म्हणाले, "छापतो, आत्या." आणि वहिनी म्हणाल्या, "मी बघते कसे छापत नाहीत ते." म्हणजे आता काम पक्कं झालं.

थांबा. अभय उभा राहिलाय. काय रे? मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही.

तो म्हणतोय, "आजी, नुसतं रंगू नको. पूर्ण नाव छापायला सांग. आडनावासकट."

पायल, हे कागदावर नाही. लिहून घे. रंगू सयाजी खरात. मुक्काम देवरूळ.

पाणी दे गं जरा.

तर मंडळी, लांबलं. आभार मानायचे राहिले. अध्यक्षताई, तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत आणि तरी चिठ्ठी पाठवली नाहीत, तुमचे पहिले आभार. मंडळानं मला मंचावर बोलावलं, त्याचेही आभार. देवरूळच्या माणसांच्या सभेत आमच्या घरची बाई मधल्या खुर्चीवर बसली, हे आमच्या आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, खुर्ची पुसून ठेव. वाचून दाखवणाऱ्या पायलचे आभार मानले तर ती रागावेल, म्हणून मानते. माझ्या बोलण्यात कोणाला काही लागलं असेल, तर बहुतेक ठिकाणी ते चुकून झालं. एकदोन ठिकाणी मुद्दाम होतं. दोन्ही पोटात घाला.

मानसिंगराव, सुखानं जा, असं आपण म्हणत नाही, या म्हणतो. तर या. गावी पोचलात की सगळे तुम्हाला हार घालून घाटावर नेतील. तिथं जा, मान घ्या. आणि मग सवड झाली की, एकटेच, खालच्या अंगानं, एकदा नदीवर जाऊन या.